झाकणातला वायसर

आमच्या घरात कुठलाही डबा आला की तो आधी पालथा होतो. मग तो दुकानातून आणलेला असो, संक्रांतीला वाणात मिळालेला असो, नाहीतर मिठाईबरोबर फुकट आलेला असो. मी चष्मा नाकावर ढकलते, बुडाचा तिकोना बघते, त्यातला आकडा वाचते, मग झाकण उघडून आत नाक घालते आणि शेवटी झाकणाच्या आतलं रबराचं कडं, म्हणजे वायसर, नखानं उचकटून बघते. जुन्या जालन्यातला भांडीवाला मला लांबून येताना बघूनच गिऱ्हाइकांना सांगतो, आल्या डब्यांच्या डॉक्टरीणबाई. म्हणू दे. तसा माझा राग नाकावर असतो, घरातलं कुणीही सांगेल, पण या चिडवण्याचा मला राग येत नाही. ही सवय जिनं लावली तिचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि ते उपकार मी आधी तिला शिव्या देऊन घेतले होते.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहू का म्हणून विचारलं होतं. ती म्हणाली, नको, पुन्हा गल्लीतल्या सगळ्या बाया मला फुकटात डबे तपासायला बोलावतील.

ती भंगार गोळा करते. दर मंगळवारी दहाच्या सुमाराला तिचा हातगाडा आमच्या गल्लीत शिरतो. आमची गल्ली अशी की समोरून ऑटो आला तर माणसानं मुकाट्यानं कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. तिचा गाडा आला की ऑटोवाले हॉर्न वाजवतात, स्कुटीवाल्या पोरी तोंड वाकडं करतात, आणि ती कुणाकडं न बघता पुठ्ठा, पत्रा, बाटल्या गाड्यावर रचत राहते. वयानं माझ्याहून दोनचार वर्षांनी मोठी असेल. मी तेव्हा तिला 'ए भंगारवाली' म्हणायची. तिनं पाणी मागितलं तर तिच्या बाटलीत तांब्यानं वरून धार सोडायची, तांब्या बाटलीला लागणार नाही अशा बेतानं. आता लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

मला स्वच्छतेचं भारी खूळ. माझ्या आईनं शिकवलेलं होतं की राख, उकळतं पाणी आणि तीन दिवसांचं ऊन दाखवलं की कुठलंही भांडं सोवळ्यात घ्यावं. पितळेचं घ्या, मातीचं घ्या, चिनी मातीची बरणी घ्या, मी जन्मभर हेच करत आले आणि कधी बिघडलं नाही. त्यात मी दहावीपर्यंत शिकलेली. गल्लीतल्या बाया बँकेचे, रेशनचे कागद माझ्याकडून वाचून घेतात. म्हणजे एक राखेची अक्कल आणि एक वाचायची अक्कल, अशा दोन दोन अकला माझ्याजवळ होत्या. मला कोण काय शिकवणार?

लेक अंबडला दिलेली. एकुलती एक. लग्नाला सहा वर्षं झाली होती, दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी तर पाचवा महिना सरत आला होता. तिच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई, तिला तोंडानं कधी काही बोलल्या नाहीत, पण आईच्या मनाला चैन कुठली? देवाच्या दयेनं तिसऱ्यांदा राहिलं आणि सातव्या महिन्यापर्यंत सुखरूप आलं. फक्त पोरीला अन्न जाईना. भात नको, भाकरी नको, दूध बघितलं तरी उलटी. वजन भरत नाही म्हणून डॉक्टर काळजीत. एक दिवस फोनवर म्हणाली, आई, तुझ्या हातचं कैरीचं लोणचं असलं तर मी दोन घास जेवीन बघ. मला तेवढं ऐकायचं होतं. मी त्याच दिवशी मंठ्याकडच्या माझ्या माहेरी भावाला फोन लावला, बांधावरच्या झाडाच्या कैऱ्या पाठव म्हणून.

भावानं चौथ्या दिवशी गावच्या टेम्पोत कैऱ्या पाठवल्या. शेतातल्या खोपीत जो हाताला लागला त्या ड्रममध्ये भरून. पांढरा, जाड, रुंद तोंडाचा, निळ्या झाकणाचा ड्रम. वरचा कागद निघून गेलेला. वहिनीनं धुऊनच दिला होता. कैऱ्या काढून घेतल्यावर तो ड्रम खरं तर परत पाठवायचा. पण आमच्यात माहेरहून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यात काहीतरी घालून द्यावं लागतं. एवढ्या मोठ्या ड्रममध्ये घालायचं काय, हा विचार करता करता माझी नजर त्याच्यावर बसली. माझी लोणच्याची चिनी बरणी आदल्या उन्हाळ्यात तडकली होती. म्हटलं, माहेरची वस्तू आहे, राहू दे घरात.

तसं बघितलं तर मी आंधळेपणानं घेतला नाही. लेकीनंच मला एकदा मोबाईलवर दाखवलं होतं, की प्लास्टिकच्या बुडाला तिकोना असतो, त्यात आकडा असतो, दोन, चार नाहीतर पाच असला तर खायच्या वस्तूला चालतो. मी ड्रम पालथा केला. दोन. झालं, माझ्या वाचायच्या अकलेचं काम संपलं. मग राखेची अक्कल पुढं आली. राखेनं तीनदा घासला, कडुलिंबाचा पाला घालून उकळतं पाणी ओतलं, गच्चीवर तीन दिवस ऊन दिलं. वास घेतला, काही आला नाही. मालकांनी, म्हणजे आमच्या घरधन्यांनी, एकदा विचारलं, अगं हा शेतातला दिसतोय, बराबर आहे का? मी म्हटलं, तुम्ही तुमच्या कापडाच्या दुकानातलं बघा.

लोणचं असं झकास घातलं होतं की विचारू नका. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, वरून गार केलेलं तेल. दहा दिवसांत फोडी मऊ झाल्या, खार सुटला, गल्लीभर वास. अकराव्या दिवशी मंगळवार होता, बाजारपेठेला सुटी. मालक सकाळच्या एसटीनं लेकीला भेटायला निघाले. मी काचेच्या बाटलीत लोणचं भरलं, फडक्यात गुंडाळलं, पिशवीत उभं ठेवलं, आणि आडवं होऊ देऊ नका म्हणून तीनदा बजावलं. ते गेले आणि मागं फळीवर त्यांचा फोन वाजायला लागला. नेहमीचंच होतं, मी लक्ष दिलं नाही.

उरलेल्या लोणच्याचा ड्रम मी तोंडाला पांढरं फडकं बांधून ओट्यावर उन्हाला ठेवला. आमच्या गल्लीत ऊन येतं ते दहा ते बारा, तेवढ्यात लोणच्यापापडाला दाखवून घ्यावं लागतं. झाकण शेजारी वाळत घातलं. मी आत तांदूळ निवडत बसले. बाहेर गाड्याची चाकं खडखडली आणि थांबली. बराच वेळ पुढं सरकली नाहीत. बघायला उठले तर भंगारवाली माझ्या ओट्यापाशी, आणि ड्रमचं झाकण तिच्या हातात.

अंगाचा तिळपापड झाला. लोणच्याला मी घरातल्या माणसाचा हात लागू देत नाही, आणि ही नालीतल्या बाटल्या उचललेल्या हातांनी झाकण घेऊन उभी. मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. ठेव ते खाली, तुझी जागा कुठली, हात कुठं घालते, एवढं तर नक्की बोलले. समोरच्या दोन बाया दारात आल्या. ती हलली नाही. झाकण नाकापाशी नेऊन तिनं डोळे मिटले, एकदा दीर्घ श्वास घेतला आणि मला विचारलं, डबा कुठला. मी म्हटलं, माझ्या माहेरचा आहे, विकायचा नाही. तिनं विचारलं, ह्यात घातलं काय. मी म्हटलं, तुला काय करायचंय?

"बाई, हा फवारणीच्या औषधाचा डबा हाय," ती म्हणाली. "खायचं न्हाई ठेवत ह्यात."

मी तिला बुडाचा आकडा दाखवायला निघाले. दोन आहे, म्हटलं, दोन नंबर चांगला असतो, दुधाच्या कॅनलाही तोच असतो, तुला वाचता येत नाही तर कशाला शिकवतेस. ती शांतपणे म्हणाली, "आकडा डब्याचा हाय. आत काय होतं त्याचा न्हाई."

मग तिनं नख झाकणाच्या आतल्या कडेला घातलं आणि तिथलं रबराचं कडं ओढून बाहेर काढलं. तो वायसर निघतो हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तो झाकणाचाच भाग आहे. त्याच्याखालच्या खाचेत सगळ्या बाजूनं गुलाबी राड बसलेली होती. ओली. बोटाच्या पेराएवढी जाड नसेल, पण होती. आणि तो वायसर निघाल्याबरोबर जो वास आला, तो मी लहानपणापासून ओळखते. कापसावर फवारणी चालली की गावभर तोच वास असतो. तीनदा राख लावली, तीन दिवस ऊन दिलं, कडुलिंब घातला, आणि तो माझ्या लोणच्यावर दहा दिवस झाकण होऊन बसला होता. मोहरी-हिंगाच्या वासात मला तो आलाच नाही.

ती म्हणाली, आमच्या भंगाराच्या दुकानात असले रोज येतात, आम्ही वेगळे टाकतो. तिनं तळहात पुढं केले. दोन्ही हातांची कातडी जागोजागी पांढरी, गुळगुळीत झालेली. पूर्वी एका व्यापाऱ्याकडं असलेच डबे धुवायचं काम केलं होतं तिनं, दोन महिने, उघड्या हातांनी. वर्षभर हातांची सालं निघत होती म्हणे. घासून वास जातो, पण तेल नि खार घातला की प्लास्टिकानं प्यालेलं पुन्हा बाहेर येतं, असं काहीतरी ती सांगत होती. माझं लक्ष नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली होती.

मी घड्याळ बघितलं. अंबडची एसटी केव्हाच पोचलेली. मालकांचा फोन फळीवर. लेकीला लावला, ती उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मग विहीणबाईंना लावला. त्यांनी दुसऱ्या घंटीला उचलला आणि हसतच बोलायला लागल्या. तुमचे मालक आल्ते, पाणी पिऊन जरा तहसीलकडं गेलेत, आणि तुमच्या लोणच्याचा वास घेतला अन् पोरगी उठून स्वतः ताट घेऊन बसली, आज किती दिसांनी भूक लागली म्हणून राह्यली.

आणि मी खोटं बोलले. मी म्हटलं, विहीणबाई, ते लोणचं तिला देऊ नका, मीठ कमी पडलंय त्याला. त्या म्हणाल्या, एवढंच ना, वरून घालू, तुम्ही बी काय काळजी करता.

मी फोन कानाला दाबून धरला. दोन क्षण असतील, जास्त नाही. तेवढ्यात मनात काय काय येऊन गेलं. सख्ख्या आईनं गरोदर लेकीला फवारणीच्या डब्यातलं लोणचं पाठवलं, हे अंबडभर होईल. दोनदा गेलेलं पोर, तेही माझ्याच माथी येईल. माहेरचं अन्नच बंद होईल. माझ्यासमोर ओट्याखाली भंगारवाली उभी होती, हातात तो वायसर. तिला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, खरं सांगा."

मी सांगितलं. "विहीणबाई, ते विषाच्या डब्यात मुरलेलं आहे. शेतातल्या औषधाच्या डब्यात. चूक माझी आहे. तिच्या हातातला घास काढून घ्या."

पलीकडं फोन कशावर तरी आपटला. पावलं ऐकू आली, धावती. मग लेकीचा आवाज, काय झालं आत्याबाई, आणि ताट फरशीवर घासल्याचा आवाज. मग काहीच नाही. फोन चालू होता, मी कानाला धरून ओट्यावर बसले होते, आणि ती बाई माझ्यासमोर तशीच उभी होती. मागं एक ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. तिनं त्याच्याकडं हात करून थांब म्हटलं, आणि तो थांबला.

बऱ्याच वेळानं विहीणबाईंनी फोन उचलला. त्यांना दम लागला होता. "घास तोंडापाशी गेल्ता. खाल्ला न्हाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी पाणी प्या बरं."

माझा जीव भांड्यात पडला, पण रडू आवरेना. मी त्या ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर, तोंडाला पदर लावून रडले. भंगारवालीनं मला धरलं नाही, समजूतही घातली नाही. लोणच्याच्या ड्रमवरचं फडकं सोडून तिनं झाकण घट्ट लावलं, ड्रम ओट्याच्या कोपऱ्यात सरकवला आणि पोरं हात घालणार नाहीत असा त्यावर दगड ठेवला. मग आपल्या गाड्याकडं निघाली. मी तिला थांबवलं. आत गेले, स्टीलचा पेला भरून आणला आणि तिच्या हातात दिला. पहिल्यांदाच. तिनं तो गटागट प्याला, मग सवयीनं पालथा केला आणि बुडाकडं बघितलं. तिथं माझ्या मामानं लग्नात कोरून घेतलेलं नाव होतं. ती म्हणाली, ह्यावर आकडा न्हाई, नाव हाय, मंग ठीक हाय. त्या अवस्थेत मला हसू आलं. त्या दिवसापासून ती आमच्या घरात अक्का आहे, आणि मी तिला तुम्ही म्हणते.

विहीणबाईंनी लेकीला त्याच दुपारी डॉक्टरकडं नेलं. खाल्लं नव्हतं, तरी नेलं. सगळं ठीक होतं. भाऊ दुसऱ्या दिवशी मंठ्याहून आला, तोंड उतरलेलं. तो बिचारा म्हणत राहिला, ताई, मी नुसत्या कैऱ्या भरल्या होत्या गं. खरं होतं ते. त्यानं नुसत्या कैऱ्या भरल्या होत्या, ड्रम ठेवून घ्यायची अक्कल माझी. ते सगळं लोणचं त्यानं शेतात नेऊन विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात पुरलं. कुणी म्हणालं, धुऊन घ्या, कुणी म्हणालं, जनावरांना टाका. भंगारवाल्या अक्कांनी निक्षून सांगितलं होतं की कुणालाच नाही, आणि ड्रमला खाली भोक पाडायचं, नाहीतर शेतावर कुणीतरी त्यात प्यायचं पाणी भरील. भावानं तिथंच पहार घेऊन त्याचं बूड फोडलं. मग खोपीतले बाकीचे चार डबेही आणून फोडले. त्यातल्या एकात गडी माणसं रोज पाणी नेत होती.

पुढच्या मंगळवारी मी अक्कांची वाट बघत बसले होते. म्हटलं, आता आत या आणि माझं स्वयंपाकघर बघा. त्या आधी नको म्हणाल्या, चप्पल काढून दारात घुटमळल्या. मग आल्या, आणि आल्यावर काही दया दाखवली नाही. फळ्यांवरचे सगळे डबे त्यांनी जमिनीवर उतरवले. एकेक उचलायचा, बोटानं वाजवायचा, नख ओढून बघायचं, बुडाचा आकडा बघायचा, वास घ्यायचा. अक्षरं येत नव्हती, पण वजनकाट्यामुळं इंग्रजी आकडे सगळे येत होते. पाच आकड्याचे दणकट डबे त्यांनी माझ्या बाजूला सरकवले. डाळी, तिखट, शेवया ठेवा म्हणाल्या, पण गरम आमटी ह्यातबी ओतू नका. पाण्याच्या पातळ बाटल्यांची माझी मोठी फौज होती, एक आकड्याच्या, त्यांत मी तीळ, जवस आणि चक्क तूप भरून ठेवायची. त्यांनी तुपाची बाटली उचलली. कढत तूप ओतल्यामुळं ती कमरेत आकसली होती. अक्का म्हणाल्या, ही बाटली तुमच्यासमोर आक्रसली, तरी तुम्हाला काही कळलं न्हाई? शिकलेली ना मी.

कुरडया मी रंगाच्या बादलीत ठेवत होते. घराला रंग दिला तेव्हाची बादली, घासून पुसून लख्ख. ती गेली गाड्यावर. हॉटेलातून पार्सलबरोबर आलेले काळे डबे मी जपून ठेवले होते, झाकणं किती घट्ट बसतात म्हणून. ते बघून त्या हसल्या. काळ्या रंगात काय काय वितळवून घालतात ते आम्हाला विचारा म्हणाल्या, तुटक्या खुर्च्या, चपला, बादल्या, कशाचाच रंग जमेना की काळा घालायचा. त्यानंतर मला त्या डब्यातली बिर्याणी गोड लागली नाही. कडक, काचेसारखे दिसणारे पेले होते, सहा आकड्याचे. त्यांतला एक त्यांनी दाबला, टक् करून मोडला. खारट, आंबट, तेलकट असेल ते काचेत नाहीतर चिनी मातीत, ह्यावर काही बोलायचंच नाही, असं मला बजावलं. मी मान डोलावली.

त्यांचं बोलणं चालू असताना मालक बाहेरून आले. हातात टपरीवरचा चहा, पातळ पन्नीच्या पिशवीत बांधून आणलेला, वाफाळता. पाहुण्या बाई आल्यात म्हणून मोठ्या हौसेनं आणलेला. अक्कांनी पिशवीकडं बघितलं, मालकांकडं बघितलं, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मालकांनी तो चहा मोरीत ओतला. दुसऱ्या दिवसापासून ते टपरीवर स्टीलची किटली घेऊन जातात. तीस वर्षांत माझं एक ऐकलं नाही, पण अक्कांच्या एका नजरेचं ऐकलं.

निघताना त्यांनी गाड्यावरच्या पोत्याखालून एक वस्तू काढली. चिनी मातीची बरणी, पांढरी-तपकिरी, कुठल्या तरी बंगल्यातून झाकण फुटलं म्हणून टाकलेली. अंगाला एक चरा नव्हता. मी हात लावला तर आत राखेनं घासल्याचा वास. तुमची तडकली म्हणत होत्या ना, त्या म्हणाल्या, हिला राख चालती. मला पैसे विचारायचं धाडस झालं नाही. मी नुसती बरणी छातीशी धरून उभी राहिले. भावानं पुन्हा कैऱ्या पाठवल्या, या वेळी गोणपाटात. उशिराच्या होत्या, पण आंबट होत्या. त्या बरणीतलं लोणचं घेऊन मी स्वतः अंबडला गेले आणि लेकीच्या ताटात माझ्या हातानं वाढलं. ती पोटभर जेवली. विहीणबाई शेजारी बसून दोघींकडं बघत होत्या.

त्यांचे उपकारही मला इथं मानायचे आहेत. मी महिनोन्‌महिने त्यांच्या टोमण्याची वाट बघत होते. कधी ना कधी चारचौघांत निघेल, असं धरूनच चालले होते. पण त्यांनी अंबडात हे कुणाला, स्वतःच्या नणंदेलासुद्धा, सांगितलं नाही. त्या दिवशी जेवण झाल्यावर मागं अंगणात नेऊन मला एवढंच विचारलं, की ती तुमची बाई ओळखते कसं? मी वायसर कसा काढायचा ते दाखवलं. शेतावर पाणी न्यायचा एक पांढरा कॅन तिथंच अंगणात होता. झाकण काढून त्यांनी नख घातलं, वास घेतला आणि तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, तुम्ही खरं सांगितलं म्हणून. आणि कॅनचं बूड फोडायला पहार आणायला गेल्या.

लेक बाळंतपणाला माझ्याकडं आली. मुलगा झाला, अडीच किलोच्या वर भरला, रडला तो गल्ली उठवून. बारशाला मी अक्कांना दोन दिवस आधी घरी जाऊन आमंत्रण दिलं. त्या आल्या. धुवट लुगडं, केसांना तेल, आणि हातात एक पाच आकड्याचा डबा, त्यात बाळंतिणीसाठी खारीक-खोबरं. दाराशीच बसायला लागल्या, तर विहीणबाईंनी त्यांना हाताला धरून पाळण्यापाशी आणून बसवलं. आहेराच्या वस्तू मांडल्या होत्या. खुळखुळे, वाट्या, चमचे, दुधाची बाटली. अक्कांचा हात आपोआप पुढं गेला. एकेक पालथं करून, वास घेऊन त्यांनी दोन खुळखुळे आणि एक रंगीत पेला गुपचूप बाजूला ठेवला. ज्यांनी दिले होते त्या बाया बघत राहिल्या. मला त्या क्षणी कुणाच्या रागालोभाची पर्वा नव्हती.

मग लेकीनं बाळ उचललं आणि अक्कांच्या मांडीवर द्यायला लागली. त्या मागं सरल्या. माझे हात भंगाराचे हायेत, म्हणाल्या, तळहात पदराखाली झाकले. लेक म्हणाली, तुम्ही नसता तर... तिनं बाळ सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. विहीणबाई वातावरण सैल करायला म्हणाल्या, अक्का, ह्याचा आकडा बघा बरं किती हाय तो. सगळ्या हसल्या.

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी बाळाच्या टाळूशी नाक नेलं आणि डोळे मिटले. त्या दिवशी ओट्यावर ते झाकण धरून मिटले होते, तसेच. एक दीर्घ श्वास घेतला.

"दुधाचा वास हाय," त्या म्हणाल्या. "दुसरा कसलाच न्हाई."

मी उठले. त्यांनी आणलेला डबा रिकामा परत द्यायचा नव्हता. तो घेऊन मी आत गेले, लोणच्याची बरणी खाली उतरवली, लोणचं काचेच्या बाटलीत भरलं, आणि ती बाटली डब्यात ठेवता ठेवता ओट्याला टेकून रडत राहिले.